टीव्हीच्या पडद्यावर कापली जाणारी ओळ : दूरचित्रवाणी संच संगणकाला जोडताना घ्यावयाची काळजी



घरातील टीव्हीला आता बातम्या आणि मालिकांपलीकडची अनेक कामे करावी लागतात. २०२० आणि २०२१ या टाळेबंदीच्या वर्षांत कित्येक कुटुंबांनी प्रथमच लॅपटॉप टीव्हीला जोडला. मुलांचे वर्ग त्यावर भरले, परदेशी असलेल्या लेकी-सुनांशी बोलणे झाले आणि ज्यांना प्रत्यक्ष जाता आले नाही त्यांनी आप्तांचे अंत्यविधीही त्यावरच पाहिले. ती अडचणीची वर्षे सरली, पण सवय राहिली. धर्मग्रामांच्या सभागृहांतही प्रोजेक्टरच्या जागी मोठे टीव्ही आले आहेत. मात्र टीव्ही आणि संगणक यांची जोडी जमविताना एक तक्रार हमखास कानी येते, ती म्हणजे पडद्याच्या कडेचा मजकूर कापला जातो.

काही दिवसांपूर्वी आम्ही अशाच एका सभागृहात उपस्थित होतो. भिंतीवर ४३ इंची नवा टीव्ही होता. गायनमंडळाने गीतांचे शब्द मोठ्या अक्षरांत तयार केले होते. परंतु प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ पडद्याच्या खालच्या कडेत अर्धी बुडालेली दिसे. ज्यांना गीत पाठ होते ते गात राहिले. मागच्या खुर्च्यांवरील वयोवृद्ध मंडळी मात्र चौथ्या ओळीपाशी आली की थांबत आणि पुढच्या कडव्याची वाट पाहत. लॅपटॉप सांभाळणाऱ्या तरुणाने घाईघाईने अक्षरे लहान केली, तेव्हा ती मागच्यांना वाचता येईनात. कार्यक्रम संपल्यावर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणाले टीव्ही सदोष आहे, कुणी म्हणाले महागडी केबल आणा, तर कुणी थेट मोठ्या टीव्हीसाठी वर्गणीची भाषा केली. बिचारा तरुण खाली मान घालून उभा होता. अखेर रिमोट हाती घेऊन एक पर्याय बदलला आणि सर्व ओळी पूर्ण दिसू लागल्या. त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागला नाही.

हा अनुभव अनेकांचा असणार, म्हणून या विषयाची सविस्तर माहिती येथे देत आहोत.

कडा का कापल्या जातात?

या प्रश्नाचे उत्तर टीव्हीच्या इतिहासात आहे. भारतात दूरदर्शनचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले, मुंबईत ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले आणि १९८२ साली रंगीत झाले. त्या सर्व काळातील संच काचेच्या जड चित्रनलिकेचे होते. नलिकेच्या मागील टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत निघे आणि तो पडद्यावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली रेषा ओढीत चित्र उमटवी. आपल्याकडच्या पद्धतीत अशा ६२५ रेषा असत. त्यांपैकी सुमारे ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असे.

हा झोत नेहमी सारखाच फिरेल याची शाश्वती नव्हती. विजेचा दाब घटला, संच तापला किंवा जुना झाला, की चित्राचा आकार बदले. संध्याकाळी व्होल्टेज उतरले की टीव्हीचे चित्र आकसून कडेला काळ्या पट्ट्या येत, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. म्हणूनच तर टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर ठेवण्याची पद्धत होती. शिवाय नलिकेच्या कडेला चित्र वेडेवाकडे आणि अस्पष्टही होई. यावर निर्मात्यांनी एक तोडगा काढला. चित्र पडद्याच्या मापापेक्षा थोडे मोठेच उमटवायचे आणि त्याच्या कडा संचाच्या चौकटीआड जाऊ द्यायच्या. मग दाब थोडा कमी-जास्त झाला तरी प्रेक्षकाला रिकामी कड दिसत नसे. या पद्धतीला ओव्हरस्कॅन म्हणतात.

कार्यक्रम तयार करणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. त्यामुळे महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या ९० टक्के भागात आणि अक्षरे मधल्या ८० टक्के भागात ठेवण्याचा दंडक त्यांनी पाळला. कडेचा भाग प्रेक्षकाच्या नजरेस पडणार नाही, हे गृहीतच धरलेले असे.

आजच्या सपाट टीव्हीत चित्रनलिका नाही आणि झोतही नाही. प्रत्येक चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, आपल्या जागी पक्का बसलेला असतो. त्यामुळे कडा लपविण्याचे मूळ कारण उरलेले नाही. तरीही जुन्या प्रक्षेपणांच्या कडेला येणारी लुकलुक आणि खडबडीतपणा झाकण्यासाठी अनेक निर्मात्यांनी ती सवय पुढे चालू ठेवली. एचडीएमआय केबलचे पहिले प्रमाण २००२ साली आले. त्या केबलमधून लॅपटॉपचे चित्र आले, तरी टीव्ही अनेकदा त्याला चित्रपटच समजतो आणि चारही बाजूंनी थोडे ताणून दाखवितो. संगणक मात्र पडद्याचा कोपरा न् कोपरा वापरतो. त्याचे घड्याळ, खिडकी बंद करण्याची फुली, खालची पट्टी हे सारे कडेलाच असते. टीव्ही आणि संगणक यांच्या या दोन वेगळ्या सवयींमुळे ही अडचण उद्भवते. त्यात बिघाड कसलाच नसतो.

किती भाग नाहीसा होतो?

फुल एचडी टीव्हीचा पडदा १९२० × १०८० चित्रबिंदूंचा असतो. प्रत्येक बाजूने अडीच टक्के भाग कापला गेला, असे धरू. मग डावी-उजवीकडे प्रत्येकी ४८ आणि वर-खाली प्रत्येकी २७ चित्रबिंदू नाहीसे होतात. ४३ इंची टीव्हीवर ही वरची व खालची पट्टी जेमतेम सव्वा सेंटिमीटरची भरते. ऐकायला हे फार वाटत नाही. पण विंडोज १० मधील खालची टास्कबार मूळ मापात ४० चित्रबिंदूंची असते. तिच्यातील २७ गेले, तर निम्म्याहून अधिक पट्टी दिसेनाशी होते. परीक्षेचा अर्ज भरताना खालच्या कडेचे बटण अशा वेळी दिसलेच नाही, तर विद्यार्थ्याची काय अवस्था होईल याची कल्पना करावी.

आधी निदान, मग उपचार

सेटिंग बदलण्याआधी नेमके काय बिघडले आहे ते पाहावे. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. पॉवरपॉइंटमध्ये एक कोरी स्लाइड घ्यावी. तिच्या अगदी कडेला चिकटून लाल रेषेची चौकट आखावी आणि मधोमध एक मोठे वर्तुळ काढावे. ही स्लाइड टीव्हीवर पूर्ण पडदाभर दाखवावी.

लाल चौकटीच्या चारही बाजू दिसत असतील आणि वर्तुळ गोल असेल, तर सारे ठीक आहे. चौकट दिसतच नसेल, तर ओव्हरस्कॅन चालू आहे. चौकट दिसते पण तिच्या बाहेर चारही बाजूंना काळी पट्टी आहे, तर संगणक चित्र आकसून पाठवीत आहे. फक्त डावी-उजवीकडे काळी पट्टी असेल, तर स्लाइडचे किंवा संगणकाच्या चित्राचे प्रमाण जुन्या ४:३ पद्धतीचे आहे. वर्तुळ अंड्यासारखे लांबट दिसत असेल, तर टीव्ही चित्र ओढून ताणून बसवीत आहे. निदान झाले की उपाय शोधणे सोपे जाते.

पहिला उपाय टीव्हीच्या रिमोटवर

ओव्हरस्कॅन टीव्ही करतो, म्हणून तो प्रथम टीव्हीवरच बंद करावा. लॅपटॉप जोडून, त्याचे चित्र पडद्यावर असतानाच हे काम करावे. कारण पुष्कळ संचांत ही सेटिंग प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठी वेगळी जतन होते आणि काही पर्याय विशिष्ट चित्र येत असतानाच दिसतात.

रिमोटवरून पिक्चर या विभागात जावे आणि चित्राच्या आकाराचा पर्याय शोधावा. खरा घोळ नावांचा आहे, कारण एकाच गोष्टीला प्रत्येक कंपनीने वेगळे नाव दिले आहे. सॅमसंगच्या जुन्या संचांत पिक्चर साइझखाली ‘स्क्रीन फिट’ असते, तर नव्यांत ‘फिट टू स्क्रीन’. एलजीमध्ये आस्पेक्ट रेशोखाली ‘जस्ट स्कॅन’ मिळते. सोनीमध्ये ‘डिस्प्ले एरिया’ या पर्यायात ‘फुल पिक्सेल’ किंवा ‘+१’ निवडावे. फिलिप्समध्ये ‘अनस्केल्ड’, तर शार्पमध्ये ‘डॉट बाय डॉट’ असे नाव आढळते. पॅनासॉनिकमध्ये ‘१६:९ ओव्हरस्कॅन’ हा पर्याय बंद करावा लागतो. इतर संचांत ‘१:१’, ‘नेटिव्ह’ किंवा ‘ओरिजिनल’ यांसारखे शब्द पाहावेत. या सर्वांचा अर्थ एकच आहे : संगणकाने पाठविलेला प्रत्येक चित्रबिंदू पडद्यावरील एका चित्रबिंदूवर जसाच्या तसा दाखवावा. उलट ‘झूम’, ‘वाइड झूम’, ‘सिनेमा’ असे पर्याय चालू असतील तर ते टाळावेत.

याच वेळी आणखी एक गोष्ट करून पाहावी. अनेक टीव्हींत प्रत्येक जोडणीला नाव देण्याची सोय असते. लॅपटॉपच्या जोडणीला ‘पीसी’ हे नाव दिले, की काही संच ओव्हरस्कॅन आपोआप बंद करतात. त्याचा दुसराही लाभ होतो. चित्रपटांत रंगांची माहिती शेजारच्या काही चित्रबिंदूंत मिळून दिलेली असते. हलत्या चित्रात ते जाणवत नाही, पण बारीक रंगीत अक्षरांच्या कडा त्यामुळे पसरट दिसतात. पीसी पद्धतीत प्रत्येक चित्रबिंदूचा रंग वेगळा राखला जातो आणि अक्षरे रेखीव दिसतात.

दुसरा उपाय संगणकाचे माप जुळविणे

रिमोटचे काम झाल्यावर संगणकाकडे वळावे. लॅपटॉप टीव्हीला जोडल्यावर बहुधा दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते. येथे एक छुपी अडचण असते. अनेक स्वस्त लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ चित्रबिंदूंचा असतो. दोन्हीकडे एकच चित्र दाखवायचे म्हटल्यावर संगणक दोघांना जमेल असे लहान माप निवडतो आणि टीव्हीला त्या लहान चित्रावर आपला मोठा पडदा भरावा लागतो. परिणामी अक्षरे धूसर होतात, क्वचित कडेला काळी पट्टीही येते.

विंडोजचे बटण आणि पी हे अक्षर एकत्र दाबले की चार पर्याय समोर येतात. त्यांतील ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ किंवा ‘एक्स्टेंड’ निवडावा. मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या मार्गाने जाऊन टीव्हीच्या पडद्यासाठी रेझोल्यूशन निवडावे. ज्या मापापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेले असते, ते बहुधा योग्य असते. फुल एचडी टीव्हीसाठी ते १९२० × १०८० आणि फोर-के टीव्हीसाठी ३८४० × २१६० असते.

‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ३२ इंची संचांबाबत थोडे सावध राहावे. त्यांचा पडदा बहुधा १३६६ × ७६८ चा असतो, पण एचडीएमआयवर ते १२८० × ७२० किंवा १९२० × १०८० असे चित्र घेतात. म्हणजे माप तंतोतंत जुळत नाही आणि सर्व सेटिंग अचूक करूनही अक्षरांत किंचित धूसरपणा राहतो. अशा टीव्हीला संगणकाची जुनी व्हीजीए जोडणी असेल आणि लॅपटॉपलाही ती असेल, तर तीही वापरून पाहावी. त्या मार्गाने येणारे चित्र टीव्ही संगणकाचेच मानतो आणि सहसा कापीत नाही.

तिसरा उपाय अगदी शेवटी

काही जुन्या आणि स्वस्त टीव्हींत ओव्हरस्कॅन बंद करण्याची सोयच नसते. अशा वेळी संगणकाकडून चित्र थोडे आकसून पाठवावे लागते. कोणत्या कंपनीची ग्राफिक्स चिप आहे त्यानुसार मार्ग बदलतो. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेखाली ‘एचडीएमआय स्केलिंग’ नावाची सरकपट्टी असते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डेस्कटॉपचा आकार व जागा ठरविण्याचे पान असते, त्यात आकार बदलण्याची मुभा मिळते. इंटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये स्केल या पर्यायाखाली ‘कस्टम’ निवडावे. मॅक संगणकावर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये गरजेनुसार ‘अंडरस्कॅन’ ही सरकपट्टी दिसते. लाल चौकटीची स्लाइड समोर ठेवून चारही कडा दिसेपर्यंत पट्टी हळूहळू सरकवावी.

हा उपाय शेवटचा का, ते समजून घेतले पाहिजे. येथे संगणक आधी चित्र आकसतो आणि टीव्ही तेच चित्र पुन्हा ताणतो. दोन वेळा माप बदलल्याने अक्षरे पुसट होतात. वर पाहिलेल्या उदाहरणात १९२० × १०८० च्या जागी केवळ १८२४ × १०२६ चित्रबिंदूंचेच चित्र उरते. म्हणून टीव्हीवर सोय असताना संगणकावरून आकसण्याचा मार्ग घेऊ नये.

याचाच उलट अनुभवही येतो. कुणीतरी पूर्वी संगणकावर चित्र आकसून ठेवलेले असते आणि नव्या टीव्हीवर चारही बाजूंना काळी चौकट दिसते. टीव्ही लहान पडला असे वाटते. तेव्हा हीच सरकपट्टी शून्यावर आणावी.

अक्षरे बारीक दिसत असतील तर

फोर-के टीव्हीवर पुष्कळदा चित्र पूर्ण दिसते, पण अक्षरे मुंगीएवढी होतात. येथे अनेकजण रेझोल्यूशन कमी करतात आणि चांगल्या पडद्याची धार बोथट करतात. रेझोल्यूशन पूर्णच ठेवावे आणि त्याच पानावरील ‘स्केल’ हा आकडा वाढवावा. १५० टक्के, २०० टक्के, लांबून पाहायचे असेल तर ३०० टक्केही चालेल. अक्षरे मोठी होतात आणि रेखीवही राहतात. वयोवृद्ध आईवडिलांसाठी टीव्ही जोडून देणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. फोर-के चित्रावर माउसचा बाण अडखळत चालत असेल, तर केबल किंवा जोडणी जुन्या प्रमाणाची असण्याची शक्यता असते. एचडीएमआय १.४ फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकते. ६० वेळांसाठी २०१३ साली आलेले २.० हे प्रमाण लागते.

केबलबद्दलचा मोठा गैरसमजही येथे दूर करावासा वाटतो. एचडीएमआय केबल खराब असेल तर चित्र जाते-येते, ठिपके चमकतात किंवा काहीच दिसत नाही. चारही कडा सारख्या कापणे हे केबलचे काम नव्हे. त्यासाठी महागडी केबल घेणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय.

स्लाइड तयार करणाऱ्यांसाठी

गीते, वाचने किंवा धर्मशिक्षणाचे धडे स्लाइडवर मांडणाऱ्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली सूचना स्लाइडच्या प्रमाणाविषयी आहे. पॉवरपॉइंट २०१३ पासून नवी स्लाइड आपोआप १६:९ प्रमाणाची येते, पण त्याआधीचा संग्रह ४:३ चा असतो. तो दाखविताना कडेला काळ्या पट्ट्या येतील. त्या घालविण्यासाठी टीव्हीवर चित्र ओढून बसवू नये, त्याने माणसांचे चेहरे रुंद होतात. ‘डिझाइन’ विभागातील ‘स्लाइड साइझ’ बदलून मजकूर नीट मांडून घ्यावा.

दुसरी सूचना जुन्या दूरचित्रवाणी कलावंतांकडून शिकण्यासारखी आहे. आपल्या स्लाइड कोणत्या सभागृहात, कोणत्या टीव्हीवर जातील हे आपणास ठाऊक नसते. ऐनवेळी रिमोट सापडत नाही, सापडला तर त्यात सेल नसतो. म्हणून प्रत्येक बाजूने पाच टक्के जागा कोरी सोडावी. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या १६:९ स्लाइडवर ही जागा डावी-उजवीकडे सुमारे पावणेदोन आणि वर-खाली सुमारे एक सेंटिमीटर भरते. तसेच एका स्लाइडवर सहा ओळी दाटीने बसविण्याऐवजी चारच ओळी ठेवाव्यात. मग टीव्ही कसाही असला तरी शेवटची ओळ शाबूत राहते.

सभागृहातील टीव्हीसाठी एक छोटी वहीही ठेवावी. योग्य पर्यायाचे नाव, जोडणीचा क्रमांक आणि रेझोल्यूशन त्यात लिहून ठेवले, तर पुढच्या वेळी नव्या स्वयंसेवकाला पंधरा मिनिटे धडपडावे लागणार नाही. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी लाल चौकटीची स्लाइड एकदा लावून पाहावी आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसावे. तेथून शेवटची ओळ वाचता आली, म्हणजे तयारी पूर्ण झाली असे समजावे.

ज्या सभागृहाचा उल्लेख आरंभी केला, तेथे पुढच्या कार्यक्रमाला आम्ही पुन्हा गेलो. तोच टीव्ही, तीच केबल आणि लॅपटॉपपाशी तोच तरुण. या वेळी चौथी ओळ आली तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून आवाज खाली गेला नाही. ज्यांच्या घरी किंवा सभागृहात अशी ओळ कापली जात असेल, त्यांनी टीव्ही बदलण्याचा विचार करण्यापूर्वी एकदा रिमोट हाती घ्यावा, एवढीच विनंती.